एकदाच दाबलं की! बंदुकीच्या चापाची गोष्ट

नेहमीप्रमाणे हे भागाचं लेखी रूप. बोलताना आलेलं "म्हणजे", "काय म्हणतात ते" असलं सगळं काढलंय, बाकी साधारण बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय थोडा विचित्र आहे. बंदुकीचा चाप. म्हणजे ट्रिगर. आख्खी बंदूक नाही, फक्त चाप.

हे डोक्यात शिरलं दिवाळीत. आम्ही शाळेतले दहा जण, कोण पुण्याहून आलेला, कोण बेंगळुरूहून, कोल्हापुरात जमलो आणि पेंटबॉल खेळायला गेलो. जागेचं नाव सांगत नाही, कारण तक्रार करायची नाहीये. भाड्याचे मार्कर होते. पेंटबॉलमध्ये बंदुकीला मार्कर म्हणतात, त्यामागंही एक गोष्ट आहे, ती पुढं येईल. माझ्या मार्करचा चाप असा जड की शेवटी दोन बोटं लावली. आणि आमच्यातल्या एकाच्या हातात असा मार्कर आला की एकदा दाबला तर कधी एक गोळी सुटायची, कधी दोन, कधी तीन.

व्हायचं ते झालं. ड्रमच्या आडून एक जण उठला आणि त्याच्या पोटावर अगदी जवळून तीन गोळ्या बसल्या. काळेनिळे वळ उठले. खेळ थांबला, भांडण चालू.

"एक मारायची असती, तीन का मारलास?"

"मर्दा, एकदाच दाबलं की मी!"

"मग बाकीच्या दोन काय आभाळातनं पडल्या?"

आता गंमत अशी की दोघंही खरं बोलत होते. एकानं खरंच एकदाच दाबलं होतं आणि दुसऱ्याला खरंच तीन लागल्या होत्या. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. "बटण एकदा दाबलं, पण मशीनला तीनदा दाबल्यासारखं वाटलं" ही तक्रार आमच्या धंद्यात रोजची. म्हणून भांडण मिटलं तरी माझ्या डोक्यातनं जाईना. बोट एकदा हललं आणि गोळ्या तीन सुटल्या, तर उरलेल्या दोन कोणी मारल्या?

शोधत गेल्यावर कळलं की हा प्रश्न आमच्या दहा जणांचा नाही. बंदुकीच्या चापाचा सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. आज आपण तीन ठिकाणी जाणार आहोत. आधी जुन्या तोडेदार बंदुकीकडं, मग अमेरिकेत पेंटबॉल जिथं जन्मला तिथं, आणि शेवटी परत घरी, कोल्हापूरच्या नेमबाजांकडं. तीन ठिकाणी या प्रश्नाची तीन वेगळी उत्तरं मिळतात.

चाप दाबतो म्हणजे काय करतो?

आधी थोडं यंत्र समजून घेऊ. पेन्सिल काढायची गरज नाही.

चाप दाबताना बोटाला चार गोष्टी जाणवतात. पहिली, मोकळी चाल. चाप मागं येतो, पण अजून काही घडत नाही. दुसरी, सुटण्याचा क्षण. आतली अडकण निसटते आणि गोळी जाते. तिसरी, सुटल्यानंतरही चाप थोडा मागं जातो, ती नंतरची चाल. चौथी, परत बसणं. बोट सैल केलं की चाप पुढं येतो आणि अडकण पुन्हा लागते.

नेमबाज जेव्हा "ह्या चापाचा फील चांगलाय" म्हणतो, तेव्हा तो या चार गोष्टींबद्दल बोलत असतो. चाप किती जड, हा त्यातला एकच भाग. जड चापसुद्धा छान असू शकतो, जर तो दरवेळी त्याच जागी, तेवढ्याच दाबाला सुटत असेल. आणि अगदी हलका चापसुद्धा बेकार असू शकतो, जर कधी सुटेल याचा भरवसा नसेल.

या अडकणीला सिअर म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. आमच्या दिवाळीतल्या भांडणाचा खरा आरोपी तोच आहे.

बोट आणि आग

कोल्हापूरकरांना न्यू पॅलेस सांगायला नको. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला, आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज अधिकाऱ्याचा. आत शहाजी छत्रपती संग्रहालय आहे. लहानपणी शाळेच्या सहलीत आपण सगळे तिथं जाऊन भुसा भरलेले वाघ बघून आलोय. शस्त्रांपुढं मात्र पोरं तलवारीला चिकटतात आणि बंदुका राहून जातात. पुढच्या वेळी कुठल्याही संग्रहालयात तोडेदार बंदूक दिसली, तर तिच्या चापाकडं नीट बघा.

तोडा म्हणजे शोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. ती ज्योत धरत नाही, उदबत्तीसारखी धुमसत राहते. बंदुकीवर एक वाकडा लोखंडी दांडा असतो, त्याच्या तोंडात ही दोरी अडकवायची. खाली चाप. चाप दाबला की दांडा वाकतो, धुमसतं टोक रंजकेच्या वाटीत टेकतं, ती दारू पेटते, आग छोट्या भोकातून नळीत जाते आणि बार उडतो.

यात बघण्यासारखं काय? तर भारतीय तोडेदार बंदुकीत बोट आणि आग यांच्यामध्ये साधी तरफ आहे. बोट हळू हललं तर दोरी हळू खाली येते. बोट अर्ध्यात थांबलं तर दोरीही अर्ध्यात थांबते. बोट मागं घेतलं तर दोरी परत वर. चाप कधी "सुटतो" असा क्षणच नाही. एका दाबाला दोन बार उडणं तर अशक्यच, कारण पुढचा बार भरायला पुन्हा दारू ओता, गोळी घाला, गजानं ठासा, रंजक ठेवा. "कोणी मारली?" याचं उत्तर इथं शंभर टक्के "बोटानं".

अडचणी मात्र भरपूर. रात्री धुमसतं टोक लांबून दिसतं. वारा आला की ठिणग्या उडतात. आणि पाऊस. १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निघाले, ती रात्र पावसाची होती हे आपण पाठ्यपुस्तकात वाचलंय. आपल्याकडचा जुलैचा पाऊस आठवा आणि त्यात धुमसती दोरी जिवंत ठेवायचा विचार करा.

म्हणून पुढं चकमकीची बंदूक आली. तिच्यात गारगोटीचा तुकडा एका घोड्यात बसवलेला असतो आणि घोड्याला जबरदस्त स्प्रिंग. घोडा आधी मागं ओढून ठेवायचा, मग सिअर त्याला अडकवून धरतो. चाप दाबला की सिअर निसटतो आणि स्प्रिंग घोड्याला पुढं आपटते. ठिणगी पडते, बार उडतो.

बदल लहान वाटतो, पण खूप मोठा आहे. आता काम बोट करत नाही. काम आधीच ताणून ठेवलेली स्प्रिंग करते, बोट फक्त परवानगी देतं. बोट आणि गोळी यांच्यामध्ये एक मध्यस्थ आला. आणि मध्यस्थ आला की लबाडीलाही जागा झाली.

एक प्रसिद्ध उदाहरण देतो. ११ जुलै १८०४, अमेरिकेत न्यू जर्सीतलं वीहॉकेन. अलेक्झांडर हॅमिल्टन आणि तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष एरन बर यांचं पिस्तुलांचं द्वंद्व. हॅमिल्टन जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी वारला. ती पिस्तुलं हॅमिल्टनच्या नातलगाची होती, आणि पुढं १९७० च्या दशकात ती उघडून तपासली तेव्हा आत लपवलेली सोय सापडली. चाप आधी एका विशिष्ट पद्धतीनं बसवून ठेवला, की नंतर तो अगदी हलक्या स्पर्शानं सुटतो. अशा चापामुळं हॅमिल्टनची गोळी वेळेआधीच सुटली असेल का, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीही प्रश्न तोच. बोटानं मारली की यंत्रानं?

झाडांवर खुणा करणारं हत्यार

आता अमेरिकेतच राहू, पण विसाव्या शतकात येऊ.

पेंटबॉलची बंदूक खेळासाठी बनलीच नव्हती. जंगलात कुठलं झाड तोडायचं, कळपातलं कुठलं जनावर वेगळं काढायचं, यासाठी लांबून रंगाची खूण करायला ती बनवली. नेल्सन ही रंगाची कंपनी, त्यांच्यासाठी एअरगन बनवणाऱ्या डेझी कंपनीनं काढलेलं मॉडेल म्हणजे नेलस्पॉट ००७. खूण करते म्हणून मार्कर. नाव तिथून आलं आणि चिकटलं.

२७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर इथं बारा जणांनी ही हत्यारं घेऊन जंगलात पहिला खेळ खेळला. कल्पना चार्ल्स गेन्स, हेझ नोएल आणि बॉब गर्न्सी या तिघांची. शहरातला माणूस जंगलात टिकेल की खेड्यातला, असा त्यांचा वाद होता. झेंडे गोळा करायचे होते. जिंकला रिची व्हाइट नावाचा जंगलात काम करणारा माणूस, आणि त्यानं एकही गोळी न झाडता सगळे झेंडे मिळवले! पेंटबॉलचा पहिला विजेता चापाला हात न लावता जिंकला, हे मला फार आवडतं.

नेलस्पॉटमध्ये प्रत्येक गोळीआधी हातानं खटका ओढून मार्कर तयार करायला लागायचा. एक ओढ, एक दाब, एक गोळी. तिथंही बाउन्सचा प्रश्न नव्हता. पण खेळ वाढला, पैसा आला, आणि जास्त गोळ्या मारणारा जिंकायला लागला. मग प्रत्येक दाबाला आपोआप पुन्हा तयार होणारे मार्कर आले, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक. इथून चापांचे स्वभाव वेगळे व्हायला लागतात.

तीन चाप, तीन स्वभाव

पहिला टिपमन. इंडियानातल्या फोर्ट वेन गावची ही कंपनी आधी मशीनगनच्या अर्ध्या आकाराच्या प्रतिकृती बनवायची. १९८६ मध्ये अमेरिकेत कायदा बदलला आणि ते पेंटबॉलकडं वळले. त्यांची रचना साधी आणि दणकट. गोळी सुटताना जो गॅस निघतो, त्यातला थोडा आतल्या हातोड्याला मागं ढकलतो आणि सिअर त्याला पुन्हा पकडतो. चाप लांब, जड, थोडा खडबडीत. पण मातीत टाका, पावसात भिजवा, चालतो. १९९८ मध्ये आलेलं मॉडेल ९८ आणि त्याच धर्तीचे मार्कर भाड्यानं द्यायला जगभर वापरतात, ते याचमुळं.

दुसरा ऑटोकॉकर. कॅलिफोर्नियाच्या बड ऑर यांचा. यात चापाला दोन कामं. पहिल्या टप्प्यात सिअर सुटून गोळी जाते, दुसऱ्या टप्प्यात चाप हवेची एक झडप फिरवतो आणि मार्कर पुन्हा तयार होतो. नीट जुळवलेला ऑटोकॉकर लोण्यासारखा, असं त्याचे भक्त म्हणतात. पण घाईत चाप अर्धाच सोडला किंवा अर्धाच दाबला, तर चक्र अपुरं राहतं आणि आत गोळी चिरडून रंगाचा चिखल होतो. हा चाप तुम्हाला शिस्त लावतो. पूर्ण दाबा, पूर्ण सोडा.

तिसरा ऑटोमॅग. टॉम के यांच्या एअरगन डिझाइन्स कंपनीचा. (हेच टॉम के नंतर डायनोसॉरच्या जीवाश्मांच्या संशोधनाकडं वळले. लेसर टाकून जीवाश्मांतले न दिसणारे तपशील बघण्याच्या पद्धतीवर त्यांचं काम आहे. त्यांच्यावर कधीतरी वेगळा भाग करू.) ऑटोमॅगमध्ये चाप सोडल्यावर आतला हवेचा दाबच त्याला पुढं ढकलतो. नंतरच्या एका आवृत्तीत हा धक्का इतका जोरदार झाला की वेगळाच प्रकार दिसला. बोट एका ठराविक ताकदीनं नुसतं धरून ठेवायचं. हवा चापाला पुढं ढकलते, बोटाचा ताण त्याला परत मागं आणतो, गोळी सुटते, हवा परत ढकलते. बोटाला काही करायलाच नको, चाप त्याच्यावर थरथरत राहतो. हलगीवर काठी आपटून जशी आपोआप उसळते आणि पुन्हा पडते, तसं.

हा बाउन्स. आणि लक्षात घ्या, यात ना बॅटरी आहे ना चिप. इलेक्ट्रॉनिक्सच्या आधीच बाउन्स जन्माला आला होता.

नियमाप्रमाणं मात्र सगळं ठीक! प्रत्येक गोळीसाठी चाप खरंच पुढं जाऊन मागं येतोय. एक दाब, एक गोळी. फक्त दाब देणारा नक्की कोण, हे विचारायचं नाही.

मशीन मोजतं, तेव्हा

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रॉनिक मार्कर आले. स्मार्ट पार्ट्सचा शॉकर, इंग्लंडच्या डब्ल्यूडीपी कंपनीचा एंजल. यात चाप सिअरला हातही लावत नाही. तो एक बारीक स्विच दाबतो किंवा प्रकाशाचा किरण अडवतो. सर्किट ते वाचतं आणि विजेवर चालणाऱ्या झडपेला सांगतं, "सोड".

तोडेदार बंदुकीपासून आपण कुठं आलो बघा. तिथं बोट थेट आग टेकवत होतं. चकमकीत बोट परवानगी देत होतं. इथं बोट फक्त अर्ज करतं, मंजुरी प्रोग्राम देतो.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. कुठलाही धातूचा स्विच दाबला की तो एकदाच जुळत नाही. आतली पट्टी आपटते, उसळते, परत आपटते. काही मिलिसेकंद हा गोंधळ चालतो. माणसाला तो एक दाब वाटतो, प्रोसेसरला आठ-दहा दाब दिसतात. म्हणून प्रोग्राममध्ये लिहावं लागतं की पहिला दाब दिसला की थोडं थांब, स्विच स्थिर झाला का बघ, मगच मोज. याला डिबाउन्स म्हणतात. लिफ्टच्या बटणापासून कीबोर्डपर्यंत सगळीकडं हे असतं.

पेंटबॉलच्या मार्करमध्ये हा थांबण्याचा वेळ किती, हे सेटिंगमध्ये बदलता येतं. वेळ जास्त ठेवला तर मार्कर प्रामाणिक पण थोडा संथ. वेळ कमी केला तर मार्कर चपळ, आणि एका दाबाला जास्तीच्या गोळ्या. त्यात दुसरा बाउन्स मिसळतो, तो यंत्राचा. गोळी सुटली की मार्कर हातात हादरतो, चाप स्वतःहून बोटावर येऊन आदळतो आणि स्विच पुन्हा दाबला जातो.

इथं चापाच्या फीलचा थेट संबंध येतो. चाप परत आणायला स्प्रिंग वापरली, तर दाबत जाल तसा तो जड होत जातो. चुंबक वापरलं तर उलटं. सुरुवातीला चुंबक घट्ट धरून ठेवतं, आणि एकदा सुटलं की चाप हलका पडतो. खेळाडू हे स्क्रू फिरवून असं जुळवायचे की चाप एक मिलिमीटरभर हलला तरी पुरे, आणि वजन जवळजवळ शून्य. दोन बोटं तबल्यावर चालवल्यासारखी आळीपाळीनं मारायची, हे कौशल्य होतंच. पण असा चाप आणि कमी डिबाउन्स एकत्र आले, की बोटांनी किती मारल्या आणि मार्करनं किती, हे मारणाऱ्यालाही कळेना.

पंचांची पंचाईत झाली. मार्कर हातात घेऊन तपासला तर ठीक, मैदानात मात्र बरसतोय. काही बोर्डांमध्ये तर मुद्दाम लपवलेले मोड होते. पंच बघतोय असं वाटलं की साधा, नाहीतर सुसाट.

मग २००० नंतरच्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या पीएसपी या मोठ्या स्पर्धामालिकेनं वेगळाच मार्ग काढला. चोर पकडता येत नाही ना, मग चोरीच कायदेशीर करू. पहिल्या काही गोळ्या एका दाबाला एक अशाच मारायच्या. त्यानंतर खेळाडू ठराविक वेगानं चाप दाबत राहिला, तर मार्करनं स्वतःहून वेग वाढवायचा. फक्त कमाल मर्यादा सेकंदाला १५ गोळ्या. याला रॅम्पिंग म्हणतात. गोळ्यांचा वेग पंचांना यंत्रानं मोजता येतो, बोट मोजता येत नाही. म्हणून जे मोजता येतं त्यावर नियम. पुढं ही मर्यादाही उतरत गेली, आधी १२.५ वर आणि मग १० च्या आसपास. कारण गोळ्यांचा खर्च आणि नव्या खेळाडूंची भीती.

इंजिनिअर म्हणून मला हा तोडगा पटतो. पण मनात एक खुटखुट राहते. "एक दाब, एक गोळी" हे वचन त्या दिवशी मोडलं. कोणी मारली, हा प्रश्न सोडवला नाही, सोडून दिला.

एक किलोचं वजन

आता घरी येऊ. या प्रश्नाचं एकदम उलटं उत्तर आपल्या कोल्हापुरात बघायला मिळतं.

दुधाळीच्या रेंजचं नाव तुम्ही ऐकलं असेल. या शहरानं भारताला किती नेमबाज दिले! तेजस्विनी सावंत, जयसिंग कुसाळे सरांच्या हाताखाली सुरुवात, २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन रायफलमध्ये ६०० पैकी ५९७ गुण आणि जागतिक विजेतेपद, असं करणारी पहिली भारतीय महिला नेमबाज. राही सरनोबत. शाहू माने, २०१८ च्या युवा ऑलिंपिकमध्ये एअर रायफलचं रौप्य. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, १ ऑगस्ट २०२४, पॅरिस, ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण आणि ऑलिंपिक कांस्य.

या खेळात चापाचे नियम प्रकाराप्रमाणं बदलतात. तेजस्विनी आणि स्वप्नीलच्या ५० मीटर रायफलला चापाच्या वजनाची किमान अटच नाही. हवा तेवढा हलका ठेवा. १० मीटर एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम. आणि राहीच्या प्रकाराला, २५ मीटर पिस्तुलाला, किमान १००० ग्रॅम.

एक किलो म्हणजे किती? दुधाची एक लिटरची पिशवी बोटाच्या एका पेरावर लटकवा. तेवढी ताकद चापावर लागली पाहिजे, तेव्हाच तो सुटला पाहिजे. आणि त्या पिस्तुलाचं स्वतःचं वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम असू शकतं! तपासायची पद्धत साधी आहे. नळी सरळ वर करून पिस्तूल धरायचं, चापात वजन अडकवायचं आणि उचलायचं. वजन टेबलावरून उचललं गेलं पाहिजे आणि चाप सुटता कामा नये. ना स्क्रीन, ना सेन्सर. आपल्या वाण्याच्या वजनमापासारखंच.

एवढा जड चाप कशाला? विचार करा, लक्ष्य तीन सेकंद दिसतं, सात सेकंद गायब होतं. हात खाली, ४५ अंशात. लक्ष्य दिसलं की हात वर, नेम, आणि एक गोळी. घाईत हात उचलताना हलका चाप कधीही सुटू शकतो. एक किलोचा चाप चुकून सुटत नाही. तो दाबावाच लागतो. म्हणजे जी गोळी गेली ती तुझीच, "मी दाबलं नव्हतं" असं म्हणायची सोय नाही.

आणि बाउन्सचं काय? त्याचीही सोय नियमात आहे. चाप न सोडता पिस्तुलातून एकापेक्षा जास्त गोळ्या सुटल्या, तर ते बिघडलेलं पिस्तूल. नेमबाजानं ताबडतोब थांबायचं, आणि अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ते पुन्हा वापरायचं नाही. पेंटबॉलनं ज्याला खेळाचा भाग करून घेतलं, ते इथं खेळ थांबवायचं कारण आहे.

२०१८ ची आशियाई स्पर्धा आठवा. अंतिम फेरी संपली तेव्हा राही आणि थायलंडची नफास्वान यांगपायबून दोघी ३४ वर बरोबरीत. पाच गोळ्यांचा शूट-ऑफ झाला, तिथंही बरोबरी, दोघींचे ४-४. पुन्हा पाच गोळ्या. राही ३, नफास्वान २. सुवर्ण, आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला. एका गोळीचा फरक! आता कल्पना करा, त्या शेवटच्या पाचांतली एक जरी गोळी बाउन्सची असती तर? त्या सोन्याला काय किंमत राहिली असती? तो एक किलो तिच्या बोटावरचं ओझं तर होताच, पण तिच्या पदकाची पावतीही तोच.

मग त्या दोन गोळ्या कोणाच्या?

परत आमच्या भांडणाकडं येतो.

आमचे मार्कर साधे, गॅसवर चालणारे, टिपमनच्या धर्तीचे. बॅटरी नाही, चिप नाही. मग एका दाबाला तीन कशा? अशा मार्करमध्ये गॅस हातोड्याला मागं ढकलतो आणि सिअरनं त्याला पकडायचं असतं. सिअरची कड वापरून वापरून गोल झाली, तर पकड निसटते. गॅसची टाकी संपत आली, तर हातोडा पुरेसा मागंच येत नाही. दोन्हीत निकाल एकच. हातोडा पकडला न जाता परत पुढं जातो आणि बोट काही न करता गोळी सुटते.

म्हणजे माझा मित्र खोटं बोलत नव्हता. पण मला वाटतं, त्याची बाजू अर्धीच खरी होती. पहिल्या फेरीतच त्याला कळलं होतं की आपला मार्कर एकाला तीन मारतोय. सगळ्यांनाच कळलं होतं, आम्ही हसलोही होतो. त्यानंतरही तो घेऊन खेळला, आणि आम्ही खेळू दिला. पहिल्यांदा झालं तेव्हा तो बाउन्स होता. कळल्यावर हातात ठेवला, तेव्हापासून त्या गोळ्या त्याच्या होत्या, आणि थोड्या आमच्याही. नेमबाजीच्या नियमात "ताबडतोब थांबायचं" असं का लिहिलंय, ते मला पोटावरचे वळ बघून नीट कळलं.

हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू कोड लिहितोस, तुझ्या बगला काय म्हणतोस मग?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. कळलेला बग तसाच पुढं ढकललेला आहे मीपण, एकदा नाही, अनेकदा.

तर मंडळी, पेंटबॉल खेळायला गेलात तर खेळ सुरू व्हायच्या आधी दोन गोष्टी नक्की करा. एक, गोळीचा वेग यंत्रावर मोजून घ्यायला सांगा. साधारण सेकंदाला ३०० फूट ही वरची मर्यादा मानतात, बरीच मैदानं त्याहून कमी ठेवतात. दोन, जाळीच्या दिशेनं मार्कर धरा, चाप पूर्ण दाबा आणि दाबून धरा. एकच गोळी गेली पाहिजे. असं पाच-सहा वेळा करा. एकदा जरी जास्तीची गेली, तर मार्कर बदलून मागा. आणि मास्क मैदानात कुठल्याही कारणानं काढू नका, खेळ थांबला असं वाटलं तरी.

आणि तुमच्यापैकी कोणी रेंजवर सराव करत असेल, तर चापाबद्दलचे तुमचे अनुभव जरूर लिहून पाठवा. एक किलोचा चाप पहिल्यांदा दाबताना कसं वाटलं, हे मला तुमच्याकडनं ऐकायचंय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.